दुसऱ्यासाठी लावलेला दिवा

इंडिकेटरची दांडी हलवली की गाडीत ठरलेली टिकटिक सुरू होते. मिनिटाला साधारण ८०-९० ठोके. इतक्या सवयीची, की कानावर पडूनही आपण ती ऐकत नाही. मग एखाद्या दिवशी तीच टिकटिक एकदम घाईला येते. वेग दुप्पट होतो, डॅशबोर्डवरचा हिरवा बाणही त्याच लगबगीनं उघडझाप करू लागतो. उजवीकडे वळताना सगळं नेहमीसारखं, डावीकडे वळताना मात्र ही धांदल. गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना याचा अर्थ अनुभवानं ठाऊक असतो. त्या बाजूचा एक बल्ब उडाला.

पण गाडीला हे कळलं कसं? बल्ब मागे, डिकीच्या कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या आवरणाआड. उजेड पडला की नाही हे पाहायला तिथे कोणी नाही, कॅमेरा नाही, उजेड मोजणारं यंत्र नाही. काचेच्या फुग्यातली एक बारीक तार तुटते आणि ती बातमी दहा-बारा फूट पुढे बसलेल्या माणसाच्या कानापर्यंत पोचते. ही बातमी कशी पोचते आणि पुढे तो बल्ब बदलताना हातात नेमकं काय येतं, हे उलगडू लागलं की थक्क व्हायला होतं.

त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हेडलाइट आपल्याला रस्ता दाखवतो, आतला दिवा आपल्याला हरवलेली किल्ली शोधून देतो. इंडिकेटरचा उजेड मात्र लावणाऱ्याच्या काडीइतकाही उपयोगाचा नसतो. तो संपूर्णपणे दुसऱ्यासाठी लावलेला असतो. मागच्या स्कूटरवाल्यासाठी, समोरून येणाऱ्या ट्रकसाठी, रस्ता ओलांडायला थांबलेल्या आजोबांसाठी. असा दिवा विझला तर लावणाऱ्याचं काहीच अडत नाही, त्यामुळे त्याला ते कळणारही नाही. म्हणूनच त्याला ते कळावं याची तजवीज गाडीत मुद्दाम करून ठेवलेली असते.

न वाहिलेल्या विजेची खबर

साधारण मोटारीत एका बाजूला तीन इंडिकेटर असतात. पुढे २१ वॉटचा एक, मागे २१ वॉटचा एक आणि फेंडरवर किंवा आरशावर ५ वॉटचा छोटा. तिन्ही मिळून ४७ वॉट. १२ व्होल्टच्या बॅटरीवर हिशेब केला तर सुमारे ३.९ अँपिअर वीज वाहते. मागचा बल्ब उडाला की उरतात २६ वॉट, आणि वीज उतरते २.२ अँपिअरवर.

उघडझाप घडवून आणणाऱ्या फ्लॅशरमध्ये विजेच्या वाटेवर एक इवलासा रोध बसवलेला असतो. तो इतका कमी, की दिव्यांच्या उजेडात काही फरक पडत नाही. समजा तो ०.०३ ओहमचा आहे. तिन्ही बल्ब धड असताना त्याच्या दोन टोकांमध्ये जेमतेम ०.१२ व्होल्टचा फरक पडतो, आणि एक मोठा बल्ब गेला की तोच ०.०६५ व्होल्टवर येतो. फ्लॅशरमधली चिप हा फरक सतत तपासत असते. तो ठरलेल्या रेषेच्या खाली गेला की ती आपल्या ठोक्यांचा वेग दुप्पट करते. म्हणजे गाडी बल्ब पाहत नाही, उजेड मोजत नाही. जी वीज वाहायला हवी होती आणि वाहिली नाही, तिची ती नोंद घेते आणि ही उणीव आवाजात बदलून आपल्यापुढे ठेवते.

फेंडरवरचा ५ वॉटचा बल्ब गेला तर बहुतेकदा टिकटिक बदलत नाही, याचं कारणही या हिशेबातच आहे. ४७ चे ४२ झाले, एवढ्यानं ती रेषा ओलांडली जात नाही. तेवढा बल्ब आपल्यालाच डोळ्यांनी तपासावा लागतो.

चिप येण्याआधी हे काम दोन धातूंची एक जोडपट्टी करायची. दोन्ही धातू तापल्यावर कमी-जास्त फुगतात, त्यामुळे पट्टी वाकते आणि विजेची वाट तुटते. थंड झाली की सरळ होते आणि वाट पुन्हा जुळते. तिला तापवणारी वीज म्हणजे दिव्यांचीच वीज. बल्ब उडाला की वीज कमी, पट्टी धड तापत नाही, आणि उघडझाप मंदावते किंवा थांबूनच जाते. जुन्या गाड्या खबर द्यायच्या ती गप्प होऊन, आताच्या देतात घाई करून. खुद्द टिकटिक हा पूर्वी विजेची वाट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेच्या पट्टीचा खराखुरा आवाज होता. आज अनेक गाड्यांत दिवे संगणक हाताळतो, रिले उरलेलाच नाही, तरी तो आवाज स्पीकरमधून मुद्दाम ऐकवला जातो. कारण तो आवाज हीच आपल्याला मिळणारी पोच असते.

आपल्याकडच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, १९८९ पासून, इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला ६० पेक्षा कमी नको आणि १२० पेक्षा जास्त नको असं सांगितलेलं आहे. ८५ चे दुप्पट १७०. म्हणजे ती घाईची टिकटिक नियमाच्या हद्दीबाहेरची आहे. तिच्यासकट महिनाभर गाडी चालवत राहण्याची सोय नाही.

दाबा, फिरवा, ओढा

कोणता बल्ब गेला हे शोधायला सर्वात सोपा उपाय म्हणजे हॅझर्डचं लाल त्रिकोणाचं बटण. ते दाबून गाडीभोवती एक फेरी मारायची. जो दिवा उघडझाप करत नाही, तो आपला. एकही दिवा लागत नसेल तर बल्ब नव्हे, फ्यूज किंवा फ्लॅशर संशयाच्या यादीत वर येतो.

मागचा दिवा असेल तर काम घरच्या घरी होण्यासारखं असतं. गाडी बंद, किल्ली बाहेर, दिवा निवायला पाच मिनिटं. अनेक छोट्या गाड्यांत डिकी उघडली की दिव्याच्या कडेला दोन स्क्रू दिसतात. ते काढून पूर्ण दिवा सरळ मागे ओढायचा. दुसऱ्या बाजूला तो खुंट्यांवर बसवलेला असतो, त्यामुळे तिरका ओढला तर प्लॅस्टिक तुटतं. दिवा हातात आला की मागे तारांसकट होल्डर दिसतात. हवा तो होल्डर उलट्या दिशेनं थोडा फिरवला की बल्बासकट बाहेर येतो. पुढच्या दिव्याला बॉनेटमधून हात घालावा लागतो. काही गाड्यांत जागा इतकी चिंचोळी असते की चाकावरचं अस्तर बाजूला सारून आत शिरावं लागतं. तिथे ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलेलं बरं.

होल्डरमधून बल्ब काढायचा तर तो सरळ ओढायचा नसतो. आधी आत दाबायचा, मग किंचित डावीकडे फिरवायचा, मग तो आपसूक वर येतो. घरातले जुने पिवळ्या उजेडाचे बल्ब असेच निघायचे. घरच्या बल्बाची टोपी २२ मिलिमीटरची, ही १५ मिलिमीटरची, एवढाच फरक. गाडीला ही दोन खुंट्यांची टोपी देण्यामागे मोठा विचार आहे. खड्ड्यांतून, रस्त्यावरच्या उंचवट्यांवरून जाताना गाडी अखंड थरथरत असते. आट्यांचा बल्ब असता तर त्या थरथरीनं हळूहळू सैल होत गेला असता. इथे होल्डरच्या तळाशी स्प्रिंग आहे. ती बल्बाला सतत बाहेर ढकलते, खुंट्या त्याला खाचेत अडकवून धरतात. त्यामुळे धक्के कितीही बसले तरी बल्ब आपल्या जागी घट्ट राहतो आणि तळाचा विजेचा स्पर्शही सुटत नाही.

या खुंट्या जवळून पाहाव्यात. साध्या पांढऱ्या काचेच्या २१ वॉटच्या बल्बाला, म्हणजे पी-२१-डब्ल्यूला, त्या समोरासमोर असतात, १८० अंशांवर. नारिंगी रंग दिलेल्या पीवाय-२१-डब्ल्यूला त्या समोरासमोर नसतात, त्यांच्यात १५० अंशांचा कोन असतो. ब्रेक आणि टेल लॅम्प एकाच बल्बात असलेल्या दोन तारांच्या बल्बाला त्या समोरासमोर असतात, पण एक वर आणि एक खाली.

हे बघून पहिल्यांदा वाटतं, की कारखान्यांनी उगाच घोळ घातलाय. खरी गोष्ट उलटी आहे. दिव्याची बाहेरची काच नारिंगी असेल तर आत पांढरा बल्ब चालतो. बाहेरची काच पारदर्शक असेल तर बल्बच नारिंगी हवा, नाही तर इंडिकेटर पांढरा दिसेल, आणि तो नियमात बसत नाही. म्हणून पारदर्शक काचेच्या दिव्यात खाचाच अशा कोरलेल्या असतात, की पांढरा बल्ब त्यात बसूच शकत नाही. दोन तारांच्या बल्बाची एक खुंटी खाली ठेवली, कारण तो उलटा बसला असता तर ब्रेकच्या जागी मंद आणि टेल लॅम्पच्या जागी प्रखर उजेड पडला असता. चूक करणाऱ्याला रागावणारी पाटी इथे कुठेच नाही. चूक करायला जागाच ठेवलेली नाही. मिलिमीटरभर जाडीच्या खुंट्यांत रस्त्याचा कायदा घडवून बसवला आहे. म्हणून नवा बल्ब बसत नसेल तर खुंटी कानशीनं घासून बसवू नये. जुना बल्ब खिशात घालून स्पेअर पार्टच्या दुकानात न्यावा आणि तोच नंबर मागावा.

मेलेल्या बल्बाच्या पोटात

आता तो जुना बल्ब टाकून देण्याआधी उन्हासमोर धरा. पारदर्शक काचेचा असेल तर सगळं स्वच्छ दिसतं. आत दोन उभ्या तारा आणि त्यांच्यात ताणलेली स्प्रिंगसारखी वेटोळ्यांची बारीक तार. ती कुठेतरी तुटलेली असते. नीट निरखलं तर तुटक्या टोकांशी कधी कधी वितळून झालेले टाचणीच्या डोक्याहून लहान मणी दिसतात. बल्ब कानाशी धरून हलवला तर तुटलेला तुकडा काचेवर किणकिणतो. काचेवर आतून करडा, काहीसा आरशासारखा डाग असतो, आणि तो बहुधा एकाच अंगाला असतो.

ही तार टंगस्टनची असते. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं. लोखंड १५३८ अंशांना पाणी होतं. वितळायला टंगस्टनइतकी उष्णता लागणारा दुसरा धातू नाही. स्पेनमधल्या एलुयार बंधूंनी १७८३ मध्ये ते पहिल्यांदा शुद्ध रूपात मिळवलं, पण त्याची तार ओढायला पुढे सव्वाशे वर्षं गेली, कारण ते कमालीचं ठिसूळ. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस त्याची भुकटी दाबून, तापवून, ठोकून ते लवचीक केलं आणि हिऱ्याच्या छिद्रांतून त्याची तार ओढली. महाराष्ट्रालाही हा धातू परका नाही. नागपूर जिल्ह्यात कुही-खोबणा भागातल्या खडकांत टंगस्टनची खनिजं सापडलेली आहेत.

बल्ब लागतो तेव्हा ही तार सुमारे २५०० अंशांपर्यंत तापते, आणि त्या उष्णतेत टंगस्टनही अणू-अणूनं उडून जाऊ लागतं. आत निर्वात पोकळी असलेल्या काचेत ते फार लवकर उडतं. १९१३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्याच अर्व्हिंग लँगम्युअर यांनी दाखवून दिलं, की आत निष्क्रिय वायू भरला तर उडू पाहणारे अणू त्या वायूच्या अणूंवर आदळून पुष्कळदा परत तारेवर येतात. या कामी आरगॉन वापरतात. आपण श्वासात घेतो त्या हवेत हा वायू १ टक्क्याहून जरा कमी असतो, आणि १८९४ पर्यंत त्याचा पत्ताही कोणाला नव्हता. तरीही जे अणू निसटतात ते तापून वर जाणाऱ्या वायूबरोबर काचेच्या वरच्या अंगाला जाऊन बसतात. तो करडा डाग म्हणजे उडून गेलेली तारच. दिवा गाडीत आडवा असतो, म्हणून डाग एका बाजूला पडतो. तो पाहून बल्ब कोणत्या बाजूनं वर होता हे सांगता येतं.

पण तार नेमकी तुटते का? रहाटाचा जुना दोर जिथे एकदा झिजला तिथेच पुढे झिजत जातो, तसंच इथे घडतं. तारेचा एखादा भाग इतरांपेक्षा किंचित बारीक होतो. बारीक भागात रोध जास्त, म्हणून तो जास्त तापतो. जास्त तापला म्हणून तिथले अणू जास्त उडतात, म्हणून तो आणखी बारीक होतो. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. व्होल्टेज जराही वाढलं तर ते आणखी वेगानं फिरतं. व्होल्टेज ५ टक्क्यांनी वाढलं की अशा बल्बाचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणून एकाच गाडीचे बल्ब वरचेवर उडत असतील तर दोष बल्बाचा नसून चार्जिंगचा असू शकतो. तेही एकदा तपासून घ्यावं.

शेवटचा घाव मात्र बहुतेकदा बल्ब लागण्याच्या क्षणी बसतो. तापलेल्या टंगस्टनचा रोध थंड टंगस्टनच्या दहा-पंधरा पट असतो. २१ वॉटच्या तारेचा रोध जळताना ७ ओहमच्या घरात असतो, तर थंड असताना तो अर्ध्या ओहमच्या आसपास असतो. म्हणून दांडी हलवल्यावरच्या पहिल्या काही सहस्रांश सेकंदांत, जिथे पावणेदोन अँपिअर जायला हवेत तिथे हिशेबानं वीसहून जास्त अँपिअर घुसू पाहतात. वायरी आणि जोडांच्या रोधामुळे प्रत्यक्षात त्याहून काहीसे कमी, पण तरी कितीतरी पट. बारीक झालेला भाग तेवढ्यात वितळतो.

आता इंडिकेटरच्या नशिबाचा विचार करा. हेडलाइट एकदा लागला की तासभर निवांत जळतो. इंडिकेटर दर दोन-तृतीयांश सेकंदाला तापतो आणि निवतो. दिवसात चाळीस वेळा, प्रत्येक वेळी दहा सेकंद इंडिकेटर दिला असं धरलं, तर मिनिटाला ९० च्या हिशेबानं दिवसाला ६०० आणि वर्षाला २ लाख १९ हजार उघडझापा होतात. प्रत्येक वेळी तार फुगते, आकसते, आणि वर खड्ड्यांचे धक्के सोसते. एवढं सोसून हा बल्ब वर्षानुवर्षं टिकतो, याचंच खरं तर नवल.

नारिंगीच का

तापलेल्या तारेचा उजेड असाच का, दुसऱ्या रंगाचा का नाही, या प्रश्नानं एकेकाळी भौतिकशास्त्राचा पाया हलवला होता. दिव्यांच्या नव्या धंद्याला भरवशाची मोजमापं हवी होती. म्हणून १८९० च्या दशकात बर्लिनच्या सरकारी मापनसंस्थेत तापलेल्या पोकळीतून कोणत्या रंगाचे किती किरण निघतात हे फार काटेकोरपणे मोजलं गेलं. ते आकडे जुन्या सिद्धांतात बसेनात. १९०० मध्ये माक्स प्लांक यांनी ते बसवण्यासाठी ऊर्जा अखंड वाहत नसून पुंजांच्या रूपात सुटते असं मानलं, आणि पुंजभौतिकीचा जन्म झाला. आपल्या मोबाइलमधली चिप ज्या विज्ञानावर चालते त्याचं एक मूळ दिव्याच्या तारेत आहे.

त्याच नियमांप्रमाणे २५०० अंशांच्या तारेतून निघणारी बहुतेक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत जाते. शंभरातले जेमतेम पाच-सात भाग उजेडाच्या वाट्याला येतात. त्या उजेडातही पिवळा-तांबडा भरपूर आणि निळा अगदी थोडा असतो. म्हणून नारिंगी रंगाचा पडदा अशा तारेला परवडतो. पांढरा पी-२१-डब्ल्यू सुमारे ४६० ल्युमेन उजेड देतो आणि नारिंगी पीवाय-२१-डब्ल्यू सुमारे २८०. म्हणजे रंग चढवूनही साठ टक्के उजेड हातात राहतो. निळा रंग निवडला असता तर जवळपास सगळाच गेला असता.

पण रंगाचं मुख्य कारण माणसाचं आहे. मागचा लाल रंग ब्रेकनं आणि टेल लॅम्पनं घेतलेला आहे. त्यात लाल इंडिकेटर मिसळला, की मागच्याला क्षणभर विचार करावा लागतो, हा थांबतोय की वळतोय? अमेरिकेत मागचे इंडिकेटर लाल ठेवायला अजूनही परवानगी आहे, त्यामुळे तिथे दोन्ही प्रकारच्या गाड्यांची तुलना करता येते. तिथल्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेनं २००९ मध्ये ती करून पाहिली. वळताना, लेन बदलताना किंवा पार्किंगमधून निघताना मागून बसणाऱ्या धडका, नारिंगी इंडिकेटरच्या गाड्यांत ५.३ टक्क्यांनी कमी आढळल्या. ड्रायव्हर तसेच, रस्ते तसेच, फक्त दिव्याचा रंग वेगळा, आणि तेवढ्यानं धडका टळतात.

उघडझापेचंही तसंच. नजरेच्या कडेला एखादी स्थिर गोष्ट असेल आणि आपण समोर एकटक पाहत राहिलो, तर ती हळूहळू दिसेनाशी होते, हे स्विस वैद्य ट्रॉक्सलर यांनी १८०४ मध्येच नोंदवलं होतं. बदलणारी गोष्ट मात्र नजरेची कड लगेच पकडते. स्थिर दिवा विसरला जातो, लुकलुकणारा नाही. युरोपातल्या गाड्यांना एके काळी दाराच्या खांबातून बाहेर येणारे छोटे उजळ दांडे असायचे, वळायच्या बाजूचा दांडा हातासारखा वर यायचा. फोक्सवॅगनच्या बीटलवर ते तिकडे १९६० पर्यंत टिकले. अमेरिकेत ब्यूइकनं १९३९ च्या मॉडेलमध्ये लुकलुकणारे इंडिकेटर कारखान्यातूनच दिले, आणि बघता बघता साऱ्या जगाची वळणं या उघडझापेवर आली. एसटीच्या खिडकीतून बाहेर येणारा ड्रायव्हरचा हात आपल्याकडे अजून दिसतो. इंडिकेटर हा त्या हाताचा वारस आहे. रात्री आणि धुक्यात हात दिसत नाही, दिवा दिसतो.

याच कारणानं घाटात पाऊस लागला की हॅझर्ड लावून गाडी चालवू नये. खंडाळ्याच्या चढावर चारी दिवे लुकलुकत जाणारी गाडी दिसते खरी, पण ती लेन बदलणार की सरळ जाणार हे सांगण्याचं तिचं एकमेव साधन तिनंच बंद करून टाकलेलं असतं.

नवा बल्ब, आणि त्यापुढचं

नवा बल्ब बसवण्याआधी होल्डरमध्ये डोकावा. पावसाळ्यानंतर, विशेषतः कोकणात, तळाच्या स्पर्शावर हिरवट थर चढलेला असतो. विजेला या जोडातून जायचं असतं, आणि परतीची वाट बल्बाच्या पितळी टोपीतून, होल्डरमधून, गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे जाते. त्या वाटेत गंज आला की नवा बल्बही मंद जळतो किंवा टिकटिक घाईचीच राहते. बारीक पॉलिश पेपरनं थर घासून काढला की काम होतं. मग बल्ब स्वच्छ फडक्यात धरून बसवायचा. हेडलाइटच्या हॅलोजन बल्बाला बोटाचं तेल लागलं तर तो लवकर फुटतो, कारण त्याची काच फार तापते. इंडिकेटरचा बल्ब इतका नाजूक नाही, पण सवय चांगली. खुंट्या खाचेत, दाबा, उजवीकडे फिरवा. दिवा परत बसवण्याआधी किल्ली फिरवून पाहा. टिकटिक पूर्ववत झाली की स्क्रू आवळा.

बल्बाऐवजी एलईडी घालायचा मोह अनेकांना होतो. पिवळा उजेड देणारा एलईडी जॉर्ज क्रॅफर्ड यांनी १९७२ मध्ये बनवला. तो रंग पडद्यानं गाळून न घेता थेट स्फटिकातूनच देतो, आणि तापायची वाट न पाहता क्षणात उजळतो. तारेच्या बल्बाला पूर्ण उजळायला सुमारे ०.२ सेकंद लागतो. ब्रेकच्या दिव्यात हा फरक ताशी ८० किलोमीटर वेगाला मागच्या गाडीला साडेचार मीटर जास्त देऊन जातो. पण बल्बासाठी बनवलेल्या गाडीत एलईडी घातला तर टिकटिक घाईला येते, कारण एलईडी इतकी कमी वीज घेतो की फ्लॅशरला बल्ब उडाल्यासारखंच वाटतं. त्यावर उपाय म्हणून बाजारात जोडरोध मिळतात, आणि ते वाचवलेली सगळी वीज उष्णतेत घालवून फ्लॅशरची समजूत घालतात. शिवाय मग खरोखर दिवा गेला तरी रोध वीज घेतच राहतो आणि गाडीला काही कळत नाही. जी खबर देण्यासाठी सगळी व्यवस्था होती, तीच बंद पडते. म्हणून गाडीत जो बल्ब आला तोच घालणं शहाणपणाचं.

शेवटी एक उणीव सांगायला हवी. ही टिकटिक फक्त इंडिकेटरपुरती आहे. ब्रेकचा दिवा गेला, टेल लॅम्प गेला, तर अनेक गाड्या चकार शब्द काढत नाहीत, आणि तो दिवा तर आपल्याला कधीच दिसत नाही. तो फक्त मागच्याला दिसतो. म्हणून महिन्यातून एकदा तरी सोसायटीतल्या कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबून पाहावा. आणि सिग्नलला पुढच्या गाडीचा एक दिवा गेलेला दिसला, तर काच खाली करून सांगावं, ‘‘दादा, मागचा डावा बल्ब गेलाय.’’ जो दिवा दुसऱ्यासाठी असतो, त्याच्या बिघाडाची खबरही पुष्कळदा दुसऱ्याकडूनच मिळते. बल्ब पाच मिनिटांत बदलता येतो. फक्त तो गेलाय, हे कोणीतरी सांगायला हवं.